पडलेल्या एक्सप्लोररचं वाचन

विंडोज एक्सपीचा डेस्कटॉप कोसळतो तेव्हा काय जातं यापेक्षा काय उरतं, ते आधी पाहावं. खालची निळी पट्टी जाते, स्टार्टचं हिरवं बटण जातं, सगळे आयकॉन आणि उघडे फोल्डर जातात. मागे उरतो नुसता वॉलपेपर. पण पेजमेकरमध्ये अर्धवट लावलेलं पान जागच्या जागी असतं, कर्सर लुकलुकत असतो, गाणं लावलेलं असेल तर तेही सुरूच असतं. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडलेला नाही, विंडोजही पडलेली नाही. पडलाय तो एकच प्रोग्राम, एक्सप्लोरर. डेस्कटॉप, टास्कबार, स्टार्ट मेनू आणि फोल्डरच्या खिडक्या हा सगळा संसार एक्सपीत हा एकटाच चालवतो. त्या दोन-तीन सेकंदांत घाबरून पॉवरचं बटण दाबणाऱ्याच्या हातून चांगलं टाइप केलेलं पान जातं. जाणकार माणूस हात मागे घेऊन नुसता पाहत राहतो. दुरुस्तीची पहिली अदा ही.

मग डेस्कटॉप परत येतो. तो आपोआप येत नाही. विनलॉगऑन नावाचा पहारेकरी प्रोग्राम मागे जागा असतो, एक्सप्लोरर अवेळी गेला की तो त्याला पुन्हा उभा करतो. या परतण्यात एक फार सुंदर बारकावा आहे. उठून बसलेला एक्सप्लोरर सगळ्या चालू प्रोग्राम्सना एक निरोप धाडतो: टास्कबार नव्यानं तयार झालाय. ज्या प्रोग्रामच्या लेखकानं हा निरोप ऐकायची सोय केलेली असते, त्याचा घड्याळाशेजारचा छोटा आयकॉन परत येऊन बसतो. ज्यानं केलेली नसते, त्याचा प्रोग्राम आत चालू असतो पण आयकॉन दिसेनासा होतो. त्यामुळे सकाळी घड्याळाशेजारी सहा आयकॉन होते आणि दुपारी चारच आहेत, एवढ्यावरून ओळखता येतं, की मधल्या वेळात डेस्कटॉप पडून उठलेला आहे, मग कुणी पाहिलेलं असो वा नसो. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विनलॉगऑनची नोंद पाहिली की वेळही मिळते. पण आधी त्या कोपऱ्याकडे नजर जाणं, ही खरी रसिकता.

एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला आणि मायक्रोसॉफ्टनं तिचा आधार काढून घेतला ८ एप्रिल २०१४ ला. तरी आपल्याकडच्या किती तरी डीटीपी केंद्रांत ती त्यानंतरही चालत राहिली, आणि त्याला कारण होतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ चीच. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत लावलेली शेकडो पुस्तकं. समांतर पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉक. नव्या विंडोजसाठी ड्रायव्हरच नसलेला स्कॅनर. अशा मशीनवर डेस्कटॉप वारंवार पडू लागला, की बहुतेक जण एकच उपाय सांगतात: फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारला तर स्कॅनरची सीडी कुठून आणायची, याचं उत्तर कुणाकडे नसतं. म्हणून इथे दुरुस्ती ही कला होते. एकही वीट न हलवता नेमकी सैल झालेली वीट शोधायची असते.

आता एक्सप्लोरर पडताना येणारी ती चौकट. एक्सप्लोररला अडचण आली, तो बंद करावा लागतोय, गैरसोयीबद्दल क्षमस्व, अशा मजकुराची. लोक 'डोन्ट सेंड' दाबून मोकळे होतात. पण तिच्यात एक बारीक दुवा असतो, तो दाबला की पाच गोष्टी दिसतात: प्रोग्रामचं नाव, त्याची आवृत्ती, मॉड्यूलचं नाव, त्याची आवृत्ती आणि ऑफसेट. या पाचांत पहिल्या दोन जवळजवळ निरुपयोगी, कारण पडला तो एक्सप्लोरर हे आपल्याला दिसलेलंच आहे. खरा रस तिसऱ्या आणि पाचव्या गोष्टीत. कुठल्या डीएलएलमध्ये, म्हणजे प्रोग्राम उसनी वापरतो त्या कोडच्या फाइलमध्ये, असताना तो पडला आणि त्या डीएलएलमध्ये नेमका कुठल्या ठिकाणी.

एकदा पाहून यातून फार काही निघत नाही, तीन-चार वेळा टिपून ठेवलं तर बरंच निघतं. प्रत्येक वेळी तेच मॉड्यूल आणि तोच ऑफसेट आला, तर दोष कुणाच्या तरी लिहिण्यात आहे. तो त्याच ओळीवर त्याच तऱ्हेनं अडखळतो. दर वेळी वेगळं मॉड्यूल, वेगळी जागा आली, तर नजर सॉफ्टवेअरवरून उचलून रॅमकडे न्यावी, पॉवर सप्लायकडे न्यावी, मदरबोर्डवरच्या कपॅसिटरच्या टोप्या फुगल्यात का ते पाहावं. एक्सपीच्या काळातल्या बोर्डांना हा रोग बराच होता. आणि एनटीडीएलएल हे नाव आलं, तर अजिबात फसू नये. ती विंडोजची मूळ लायब्ररी, मेमरीचा हिशेब ठेवणारी. कुणी तरी आधीच येऊन मेमरीत खाडाखोड करून गेलेला असतो, आणि नंतर हिशेब करायला बसलेली एनटीडीएलएल त्या खाडाखोडीवर आपटते. चौकटीत नाव येतं तिचं. जो पडला त्याला दोषी न मानता त्याच्या आधी तिथे कोण येऊन गेलं, असं विचारणारा दुरुस्तीवाला पाहिला की दाद द्यावीशी वाटते.

अशी दाद मी मनातल्या मनात नारायण पेठेतल्या एका डीटीपी केंद्रात दिली होती. मशीन चालवणाऱ्या ताई सांगत होत्या, "कधीही जातं हो, काही नेम नाही." दुरुस्तीला आलेला मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं कीबोर्डला हातही लावला नव्हता. तो म्हणाला, "ताई, शेवटचं गेलं तेव्हा माऊस कशावर होता?"

ताई थांबल्या. मग म्हणाल्या, "पेनड्राइव्हवरचं पुस्तकाचं फोल्डर होतं. कॉपी करत होते."

"राइट क्लिक करून?"

"हो. नेहमी तसंच करते."

त्यानं एका टेक्स्ट फाइलवर राइट क्लिक केलं. मेनू आला. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर केलं. आला. एका फोल्डरवर केलं. अर्धा सेकंद काहीच नाही, आणि डेस्कटॉप गेला. तो परत आल्यावर त्यानं तेच पुन्हा केलं. पुन्हा गेला. ताईंचा चेहरा उतरला, मुलाचा खुलला. हवं तेव्हा पाडता येणारा दोष म्हणजे अर्धी दुरुस्ती, हे त्याला ठाऊक होतं.

त्या तीन क्लिकांत केवढं ज्ञान होतं, ते सांगतो. राइट क्लिकचा मेनू एकटा एक्सप्लोरर बनवत नाही. झिप करणारा प्रोग्राम, अँटीव्हायरस, सीडी लिहिणारा प्रोग्राम, असे अनेक जण त्यात आपापली ओळ घालतात. प्रत्येक जण त्यासाठी आपली डीएलएल एक्सप्लोररच्या पोटात पाठवतो. यांना शेल एक्स्टेन्शन म्हणतात. पोटात असल्यामुळे त्यातली एक जरी चुकली तरी मरतो एक्सप्लोरर. आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, या नोंदी वेगवेगळ्या असतात: सर्व फाइलींसाठी एक जागा, फोल्डरसाठी दुसरी, मोकळ्या जागेसाठी तिसरी. फाइलवर मेनू येतो, मोकळ्या जागेवर येतो आणि फोल्डरवर कोसळतो, एवढं कळल्यावर संशयितांची यादी तिसऱ्या हिश्श्यावर येते. तेही एकही सेटिंग न बदलता.

त्यानं सेफ मोड वापरला नाही, हेही मला फार आवडलं. एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जाणं ही सगळ्यांची पहिली सवय. पण सेफ मोड अडवतो ते ड्रायव्हरांना आणि सुरुवातीला चालणाऱ्या प्रोग्राम्सना. शेल एक्स्टेन्शन एक्सप्लोररबरोबर तिथेही येतात. तिथे जाऊन वेळ गेला असता आणि हाती काही लागलं नसतं. त्याऐवजी त्यानं नवं युजर अकाउंट उघडलं आणि तिथे फोल्डरवर राइट क्लिक केलं. तिथेही डेस्कटॉप पडला. म्हणजे दोष ताईंच्या खात्यातल्या सेटिंगचा नाही, साऱ्या मशीनसाठी नोंदवलेल्या कशाचा तरी आहे. एका प्रश्नात रजिस्ट्रीचा अर्धा पसारा त्यानं बाजूला सारला.

मग आलं शेलएक्सव्ह्यू. निर सोफर या प्रोग्रामरनं केलेलं हे छोटंसं मोफत साधन, इन्स्टॉलही करावं लागत नाही. ते मशीनवरची सगळी शेल एक्स्टेन्शन एका तक्त्यात मांडतं, आणि जी मायक्रोसॉफ्टची नाहीत त्यांच्या ओळी गुलाबी रंगवतं. एवढ्या एका रंगानं किती काम होतं! शेकडो ओळींतून डोळा थेट वीस-पंचवीस ओळींवर जातो. त्यातल्या अर्ध्या ओळी निवडून त्यानं एफ-७ दाबलं. त्या निष्क्रिय झाल्या, पुसल्या गेल्या नाहीत. परातीतले अर्धे तांदूळ एका अंगाला सारून खडा कुठल्या अर्ध्यात ते पाहावं, तसं. बत्तीस नोंदी असल्या तरी पाच फेऱ्यांत एक उरते.

पण प्रत्येक फेरीनंतर एक्सप्लोरर नव्यानं सुरू करायला हवा, नाहीतर पोटात बसलेली डीएलएल बसलेलीच राहते. इथे त्यानं जे केलं ते मी कुणाला करताना क्वचितच पाहिलंय. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररचा गळा दाबण्याऐवजी त्यानं स्टार्टमधून कॉम्प्युटर बंद करायची चौकट उघडली. कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरले आणि 'कॅन्सल'वर क्लिक केलं. टास्कबार शांतपणे गेला. एक्सपीत ही दडवलेली वाट आहे, शेल एक्स्टेन्शन लिहिणाऱ्या प्रोग्रामरांसाठी ठेवलेली. या वाटेनं गेलेला एक्सप्लोरर रीतसर आवराआवर करून जातो, आयकॉनच्या जागा लिहून ठेवतो. मारलेला तसाच जातो, आणि ताईंनी हौसेनं लावलेली आयकॉनची मांडणी विस्कटते. नंतर टास्क मॅनेजरच्या 'न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोरर टाइप केलं की डेस्कटॉप परत. दुसऱ्याच्या मशीनवर इतक्या अदबीनं हात चालवणं शिकवून येत नाही.

दोषी निघाली ती कधीच काढून टाकलेल्या एका सीडी लिहिण्याच्या प्रोग्रामची मागे राहिलेली डीएलएल. अनइन्स्टॉल करताना ती एक्सप्लोररच्या वापरात असणार, म्हणून पुसली गेली नाही. तिच्या जोडीच्या फाइली मात्र गेल्या. फोल्डरवरच्या दर राइट क्लिकला ती त्या हरवलेल्या फाइली शोधत होती, आणि न मिळाल्यावर काय करायचं, हे तिच्या लेखकानं लिहिलेलंच नव्हतं. पडण्याआधीच्या त्या अर्ध्या सेकंदाचा अर्थ तेव्हा लागला.

इथे बहुतेक जण उठले असते. त्यानं बाकीच्या सगळ्या ओळी पुन्हा चालू केल्या आणि मेनू उघडून दाखवला. मग दोषी ओळही चालू केली आणि डेस्कटॉप पुन्हा पाडून दाखवला. मगच ती कायमची बंद केली. बंद केल्यावर थांबलं आणि चालू केल्यावर पुन्हा घडलं, या दोन्ही बाजू दिसल्याशिवाय त्याला निदान पुरं वाटत नव्हतं. एवढी शिस्त मी मोठमोठ्या ठिकाणी पाहिलेली नाही.

राइट क्लिक न करताही डेस्कटॉप पडतो, त्याचीही वाचनाची रीत आहे. एखादं फोल्डर नुसतं उघडल्यावर पडत असेल तर त्यात अर्धवट उतरवलेली एव्हीआय फाइल आहे का ते पाहावं. एक्सपीचा एक्सप्लोरर व्हिडिओची लांबी-रुंदी सांगण्याच्या उत्साहात फाइल स्वतः उघडून वाचतो, आणि फाइल मोडकी असली की वाचणारी शेलमीडिया डीएलएल अडकते. रजिस्ट्रीतली तिची ती एकच नोंद काढली की काम भागतं. व्हिडिओ पूर्वीसारखेच चालतात, फक्त प्रॉपर्टीजमधली मापं दिसत नाहीत. इतका नेमका छेद क्वचित घेता येतो.

आणि तासन्‌तास नीट चालून संध्याकाळी पडणारं मशीन असेल, तर टास्क मॅनेजरच्या कॉलमांत जीडीआय ऑब्जेक्ट्स हा कॉलम चालू करून ठेवावा. चित्र काढायला लागणाऱ्या ब्रश-पेन-फॉन्टांचे हे हिशेब. एका प्रोग्रामला साधारण १०,००० ची मर्यादा असते. सकाळी काही शे असलेला एक्सप्लोररचा आकडा दर तासाला चढतच गेला, कधी उतरलाच नाही, तर कुणी तरी घेतलेलं परत करत नाहीये. मर्यादा जवळ आली की आधी मेनू अर्धवट रंगतात, आयकॉन काळे होतात, मग डेस्कटॉप जातो. काळे आयकॉन पाहून ग्राफिक्स कार्ड बदलणारे पुष्कळ, हा कॉलम उघडणारे थोडे.

त्या मुलानं निघण्यापूर्वी फोल्डर ऑप्शन्स उघडले होते. तिथे फोल्डरच्या खिडक्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची एक टिक असते. ती लावली तर फोल्डर पडलं तरी डेस्कटॉप टिकतो. ताई म्हणाल्या, "मग लावूनच टाक ना." त्यानं लावली नाही. उद्या दुसरं काही बिघडलं तर नुसती एक खिडकी मिटेल, तुम्ही ती पुन्हा उघडाल आणि मला सांगणार नाही, असं तो म्हणाला. मग नोटपॅडमध्ये तारीख, बंद केलेल्या डीएलएलचं नाव आणि ती पुन्हा चालू करायची रीत लिहून त्यानं ती फाइल सी ड्राइव्हवर ठेवली, आणि पुढच्या दुरुस्तीवाल्याला ही आधी दाखवा, असं ताईंना सांगून तो गेला.