वर्ग करण्याची सोय आणि खोटी उत्तरे : साइन-कोसाइन समीकरणांच्या अध्यापनाची चिकित्सा

साइन व कोसाइन एकत्र असलेले समीकरण वर्ग करून सोडविणे सोयीचे असले, तरी पडताळणीविना ते सदोष ठरते. ‘साइन क्ष + कोसाइन क्ष = १’ यात कोसाइन उजवीकडे नेऊन वर्ग केल्यास एका आवर्तनात ०° व ९०° यांसोबत २७०° हेही उत्तर मिळते; तेथे मूळ बेरीज −१ येते. √२ ने भागल्यास ‘कोसाइन (क्ष − ४५°) = १/√२’ हे समतुल्य रूप मिळून खरी उत्तरेच उरतात.

पोलादपूरच्या आंबेनळी घाटासारख्या चढावर ओझे ढकलण्यास लागणारे बल ‘वजन × (साइन + घर्षणांक × कोसाइन)’ इतके असते. त्यावरून चढाचा कोन काढताना वर्ग केल्यास तेवढाच उतारही उत्तर म्हणून पुढे येतो. महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांना चढ-उताराचा भेद परिचित आहे. अध्यापनाने तो समीकरणातही दाखवावा.