घरी धाडलेली पत्रे : मिशनरी तरुणाच्या लेखनाची कसोटी

परदेशी सेवाकार्यासाठी गेलेल्या तरुण मिशनऱ्याने आईवडिलांना लिहिलेले पत्र हा ख्रिस्ती वाङ्मयातील एक जुना, पण उपेक्षित प्रकार आहे. त्याला कोणी साहित्य म्हणत नाही. आई ते पुन्हा पुन्हा वाचते, वडील आप्तेष्टांना वाचून दाखवतात, आणि काही दिवसांनी ते पेटीच्या तळाशी जाते. समीक्षकाच्या हाती ते क्वचितच पडते. पडलेच, तर तो त्यातून इतिहासाचे तपशील वेचतो आणि पत्र बाजूला ठेवतो. वस्तुतः श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरते, हे जाणून घ्यायला याहून प्रामाणिक साधन दुसरे नाही. प्रवचन लिहिताना माणूस सावध असतो. आईला लिहिताना तितका सावध राहू शकत नाही.

या प्रकाराचा विचार करताना मी मुद्दाम आपल्या ख्रिस्तसभेबाहेरच्या एका उदाहरणापासून आरंभ करतो. ते उदाहरण मॉर्मन पंथाच्या तरुण मिशनऱ्यांचे आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. बायबलबरोबर 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथही तो पवित्र मानतो. त्याचे मुख्य केंद्र युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. त्यांची ईश्वरविषयक शिकवण आणि आपली त्रैक्याची श्रद्धा यांत मोठे अंतर आहे. म्हणूनच २००१ साली रोमने या पंथातील बाप्तिस्मा वैध नसल्याचा निर्णय दिला. हे अंतर मी झाकून ठेवू इच्छित नाही. परंतु ज्याची श्रद्धा आपली नाही, त्याची निष्ठा आपल्याला वाचता येते की नाही, हाही प्रश्न आहेच. आणि तो वाङ्मयाचा प्रश्न आहे, तितकाच शेजारधर्माचाही.

या पंथात मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला सेवाकार्यावर जाता येते; मुलीसाठी ही मर्यादा २०२५ पर्यंत एकोणीस वर्षांची होती. ही वयोमर्यादा २०१२ साली खाली आणण्यात आली. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. कोठे जायचे ते उमेदवार ठरवीत नाही, पंथाचे वरिष्ठ ठरवतात. वेतन नाही, उलट खर्चाचा वाटा स्वतः किंवा कुटुंबाने उचलायचा. २०२४ च्या अखेरीस असे चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक मिशनरी जगभर कार्यरत होते.

त्यांचा दिवस आपल्या गुरुविद्यालयातील दिनक्रमाची आठवण करून देतो. अनेक वर्षे चालत आलेल्या वेळापत्रकानुसार पहाटे साडेसहाला उठायचे, व्यायाम, न्याहारी, मग शास्त्राचा आणि परक्या भाषेचा अभ्यास, दहाच्या सुमारास घराबाहेर, रात्री साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून त्यात स्थानिक परिस्थितीनुसार थोडी मोकळीक देण्यात आली. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरी लिहिण्याचा. सोबतीला एक जोडीदार नेमून दिलेला. त्याच्या नजरेआड सहसा व्हायचे नाही. छातीवर काळी नामपट्टी, आणि तीवर स्वतःचे पाळण्यातले नाव नाही, केवळ आडनाव. मुलाला सारे 'एल्डर' म्हणतात. या शब्दाचा अर्थ वडीलधारा. मिसरूड नुकतेच फुटलेल्या मुलाने वडीलधाऱ्याच्या नावाने परक्या दारात उभे राहायचे आणि बहुतेक दारे बंद होताना पाहायची, या विसंगतीत एखाद्या कादंबरीचा ऐवज आहे. २०१९ पर्यंत घरी दूरध्वनी करण्याची मुभाही वर्षातून दोनच वेळा होती, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी सारा भार पत्रावर.

अशी पत्रे कुटुंबे जपून ठेवतात, काही छापलीही जातात. त्यांचा घाट ठरलेला असतो. हवामान, जेवण, जोडीदाराचा स्वभाव, आठवड्यात कोणी ऐकून घेतले, कोणी हाकलून दिले, आणि शेवटी श्रद्धेची साक्ष. ही साक्ष खरी असते यात शंका नाही. पण वाङ्मय म्हणून ती बहुधा फिकी पडते, कारण ती पत्राच्या आधीच ठरलेली असते. आठवड्यात काहीही घडो, शेवटची चार वाक्ये बदलत नाहीत. जी साक्ष आठवड्याने जराही हलत नाही, ती वाचकालाही हलवत नाही.

याला अपवाद म्हणून एका पत्राचा इतिहास सांगण्याजोगा आहे. १९३३ साली गॉर्डन हिंकली नावाचा तेवीस वर्षांचा तरुण इंग्लंडमधील प्रेस्टन या गिरणगावात सेवेला गेला. तो आजारी होता, लोक ऐकत नव्हते. त्याने वडिलांना कळवले की माझा वेळ आणि तुमचा पैसा दोन्ही वाया जात आहे. वडिलांनी उत्तरात एवढाच सल्ला दिला की स्वतःला विसरून कामाला लागावे. हाच तरुण पुढे १९९५ ते २००८ या काळात त्या पंथाचा अध्यक्ष होता. पंथात ही कथा सांगितली जाते ती वडिलांच्या उत्तरासाठी. समीक्षकाला मात्र मुलाचे पत्र अधिक मोलाचे वाटते. त्यात साक्ष नाही, कबुली आहे. ठरलेला शेवट मोडलेला आहे. ते पत्र लिहिले गेले नसते, तर ते उत्तरही आले नसते. आपल्या स्तोत्रकर्त्यांनी हेच केले आहे. देवापुढे तक्रार मांडण्याचे धैर्य नसेल, तर स्तुतीलाही वजन येत नाही.

हा पंथ आपल्या मातीला अगदीच परका आहे असेही नाही. लॉरेन्झो स्नो या मॉर्मन नेत्याच्या आदेशावरून ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी १८५२ साली मुंबईस उतरला. वय तीसच्या आसपास. १८५५ पर्यंत तो मुंबई आणि पुणे येथे होता. वृत्तपत्रे, लष्करी छावणीतील धर्मोपदेशक आणि अधिकारी या साऱ्यांचा विरोध त्याच्या वाट्याला आला. त्याच १८५२ सालच्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत बहुपत्नीत्वाची शिकवण जाहीर झाली, आणि दूरवरच्या या एकट्या माणसाला तिचाही जाब द्यावा लागला. त्याचे सहकारी कराचीपर्यंत गेले होते. १८५६ पर्यंत बहुतेक जण परतले. अनुयायी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फिंडलेची रोजनिशी १९७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मराठी वाचकाला तिचे महत्त्व पंथामुळे नाही. रेल्वे बोरघाट चढण्यापूर्वीच्या काळात पुण्यात राहिलेल्या एका परक्या माणसाची ती नोंद आहे, म्हणून तिला मोल आहे. तो मराठी शिकू लागला होता. परंतु तीन वर्षे ही भाषा शिकू लागण्यासाठी पुरेशी असतात, त्या भाषेत स्वतःला हरवून पुन्हा सापडण्यासाठी पुरेशी नसतात.

येथे मला आपल्या परंपरेतील एका परिचित नावाकडे वळणे भाग आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांना आपण ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून जाणतो. पण पुराणाआधी त्यांनी पत्रे लिहिली, आणि ती पुराणाच्या उजेडात वाचली म्हणजे मिशनरी लेखनाची कसोटीच हाती येते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेला हा तिशीतील येशूसंघीय २४ ऑक्टोबरला गोव्यास पोचला. १० नोव्हेंबरला त्याने लंडनमधील आपल्या वडिलांना पत्र लिहिले. ते पुढे रिचर्ड हॅक्लुइट यांच्या प्रवासवर्णनसंग्रहात छापले गेले. या पत्रात वारे आहेत, पक्षी आहेत, मासे आहेत, जहाजावरील आजार आणि मृत्यू आहेत, गोव्याच्या किनाऱ्यावरचे माड आहेत, आणि लोकांचा वर्ण व पेहराव आहे. हे सारे डोळ्यांचे लेखन आहे. माणसे दिसतात, बोलत नाहीत. आल्यानंतर सतरा दिवसांत दुसरे काय लिहिता येणार?

चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्याने आपल्या रिचर्ड नावाच्या भावाला लिहिले. या पत्रात कान जागे झाले आहेत. येथील भाषांचा उच्चार कानाला गोड लागतो, त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्याशी नाते सांगते, असे निरीक्षण तो नोंदवतो. विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी असाच विचार १७८६ साली मांडला. हा तरुण धर्मगुरू त्यांच्या दोनशे वर्षे आधी तेथवर पोचला होता, आणि तेही साष्टीतील लोकांचे बोलणे ऐकून.

तिसरी पायरी १६१६ सालची. ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले तेव्हा स्टीफन्स यांना गोव्यात येऊन सदतीस वर्षे झाली होती. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठी भाषेचा मनापासून केलेला गौरव, आणि साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांचे प्रश्न काव्यातच गुंफलेले. त्यांची जुनी पुराणे त्यांच्यापासून दुरावली होती. ती पोकळी कवीने ऐकली. डोळे, कान, आणि शेवटी जीभ असा हा क्रम आहे. १६१९ साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर त्यांच्याकडून घरी जाणारे पत्र उरलेच नव्हते, कारण घर बदलले होते.

यावरून कसोटी अशी मांडता येईल : मिशनऱ्याच्या लेखनात, ज्यांच्याकडे तो गेला ती माणसे बोलतात काय? की ती केवळ ऐकतात, नाकारतात, बाप्तिस्मा घेतात आणि संख्येत जमा होतात? परक्या माणसाचे एखादे वाक्य त्याच्याच वळणाने पत्रात उतरते, तेव्हा ते पत्र अहवाल राहत नाही.

मात्र ही कसोटी स्टीफन्स यांनाही लावली पाहिजे. १५८३ चे तेच पत्र कुंकळ्ळीच्या हत्याकांडाची वार्ताही देते. १५ जुलै रोजी रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांना तेथे मारण्यात आले. त्यांचे रक्तसाक्षित्व आपण आदराने स्मरतो. परंतु त्याआधी त्या परिसरातील मंदिरे पाडली गेली होती, आणि नंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार मारले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. त्या गावकऱ्यांच्या घरून कोणी पत्र लिहिले नाही, किंवा लिहिले असल्यास कोणी जपले नाही. ज्याच्या मागे छापखाना आणि संघ उभा असतो, त्याचीच रोजनिशी उरते. श्रद्धेत कोणावरही सक्ती नसावी, हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या शिकवणीच्या प्रकाशात जुनी मिशनपत्रे वाचणे म्हणजे पूर्वजांचा अवमान नव्हे. ते जिथे बोलले नाहीत, तेथील मौनही वाचणे आहे.

या दृष्टीने मॉर्मन तरुणाकडे पुन्हा पाहिले, तर त्याच्या लेखनाचे दैन्य कशात आहे ते उमगते. निष्ठा कमी नाही, कष्ट कमी नाहीत. अठराव्या वर्षी स्वतःच्या नावाचा अर्धा भाग बाजूला ठेवून अनोळखी शहरात राहणे सोपे नाही. आमच्यातील किती घरे पोराला अशा कामाला दोन वर्षे देतील, हे आपण स्वतःला विचारावे. उणीव आहे ती काळाची. डोळ्यांची पायरी ओलांडून कानाच्या पायरीवर तो येतो, आणि नेमके तेव्हाच परतीचे तिकीट हाती पडते. पण नुसत्या काळाने भागते असेही नाही. परक्या मुलखात चाळीस वर्षे राहून एकाही शेजाऱ्याचे वाक्य न ऐकलेले मिशनरी सर्व पंथांत होऊन गेले, आपल्यातही. काळ संधी देतो; ऐकण्याचे व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते.

हा विचार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील वाचकांना दूरचा वाटू नये. उल्हासनगर हे शहरच घर सोडून आलेल्यांनी वसवले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ साली हे नाव मिळाले. ज्या कराचीत मॉर्मन मिशनरी परके म्हणून वावरले, त्याच सिंधमधली माणसे येथे परकी म्हणून आली आणि आपली झाली. अंबरनाथला शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे शिवमंदिर आहे, आणि त्याच गावात कारखान्यांच्या निमित्ताने देशभरातून आलेली वस्ती. बदलापूर तर दरवर्षी नव्या माणसांनी वाढते. आपली ख्रिस्ती कुटुंबेही अहमदनगर, वसई, गोवा, केरळ अशा अनेक ठिकाणांहून आलेली. आणि आता आपली मुले आखातात, जहाजांवर, परदेशी इस्पितळांत जातात. ती मिशनरी नाहीत, पण परक्या दारात उभे राहण्याचा अनुभव तोच आहे. रविवारची मिस्सा कोठे मिळाली, शेजारी कोणत्या धर्माचा, आजारपणात पेज कोणी करून दिली, हे सारे ती भ्रमणध्वनीवर दोन ओळींत कळवतात, आणि त्या दोन ओळी पुसल्या जातात.

मॉर्मन समाजाकडून एक गोष्ट आपण निःसंकोच घ्यावी : लिहिण्याची आणि जपण्याची सवय. फिंडलेची रोजनिशी छापायला त्याच्या वंशजांना शंभरांहून अधिक वर्षे लागली, पण ती हरवली नव्हती. परदेशी असलेल्या मुलाला वा मुलीला आपण एवढेच सांगावे की महिन्यातून एकदा सविस्तर पत्र लिही, मराठीत लिही, आणि त्यात आपल्या श्रद्धेबरोबर तेथील एखाद्या माणसाचे बोलणे त्याच्याच शब्दांत घाल. हिंकलीसारखे निराशेचे पत्र आले, तरी घाबरून जाऊ नये. ते जपून ठेवावे, आणि उत्तर थोडक्यात द्यावे.