वसाहतीचा वेग : 'मास्टर ऑफ ओरायन' आणि त्यानंतरच्या अंतराळ-व्यूहखेळांची समीक्षा

प्रास्ताविक :

संगणकीय खेळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आपल्या विद्यापीठीय वर्तुळात अजूनही काहीशा संकोचाने विचारला जातो. 'गेम स्टडीज' हे या विषयाला वाहिलेले नियतकालिक २००१ साली सुरू झाले. इयन बोगोस्ट यांनी 'पर्सुएसिव्ह गेम्स' (२००७) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, खेळ आपले म्हणणे शब्दांपेक्षा नियमांतून मांडतो. ही भूमिका मान्य केल्यास खेळातील एखादा नियम कवितेतील प्रतिमेइतक्याच बारकाईने वाचता येतो. प्रस्तुत लेखात अंतराळ-व्यूहखेळांतील एकाच निर्णयाचे असे वाचन केले आहे. तो निर्णय म्हणजे नव्या वसाहती किती वेगाने स्थापाव्यात.

स्टीव्ह बार्सिया यांच्या सिमटेक्स या संस्थेने घडवलेला व मायक्रोप्रोजने प्रकाशित केलेला 'मास्टर ऑफ ओरायन' १९९३ साली आला. त्याच वर्षी या खेळाविषयी लिहिताना अ‍ॅलन एमरिक यांनी या वर्गाला 'फोर-एक्स' हे नाव दिले. त्यातील चार क्रिया मराठीत शोध, विस्तार, उपभोग व उच्छेद अशा सांगता येतील. या चौकडीतील विस्ताराकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. उच्छेदात नाट्य असते, शोधात कुतूहल असते. विस्तार मात्र हिशेबाचा भाग समजला जातो. परंतु खेळाचा खरा निकाल बहुधा याच हिशेबात लागतो.

वाढीचा आलेख :

खेळाडूजवळ आरंभी एक मूळ ग्रह, दोन टेहळणी याने आणि एकच वसाहत-यान असते. दुसरे वसाहत-यान बांधावयाचे तर तेवढ्याच खर्चात मूळ ग्रहावर काही डझन कारखाने उभे राहिले असते. पुन्हा नव्या ग्रहावर जी वस्ती उतरते ती अवघी २ दशलक्षांची असते. ती कित्येक वर्षे काहीही परत देत नाही, उलट संरक्षणाची चिंता तेवढी वाढवते. येथवर पाहता सबुरीचा पक्ष बळकट वाटतो. आधी घर भरावे, मग अंगण वाढवावे.

हा युक्तिवाद ज्या ठिकाणी मोडतो ते ठिकाण फार उद्बोधक आहे. खेळातील लोकसंख्यावाढ ही बेल्जियन गणितज्ञ फेरहुल्स्ट यांनी १८३८ साली मांडलेल्या वक्राच्या धर्तीवर चालते. वाढ ही असलेली लोकसंख्या आणि उरलेली जागा यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. १०० दशलक्षांची क्षमता असलेल्या ग्रहावर २ दशलक्षांची वस्ती जितकी वाढते, त्याच्या सुमारे तेरापट ५० दशलक्षांची वाढते. ९० दशलक्षांवर ही वाढ पुन्हा निम्म्याहूनही खाली येते. म्हणजे काठोकाठ भरलेला मूळ ग्रह ही समृद्धीची खूण दिसली, तरी वाढीच्या दृष्टीने तो थांबलेला ग्रह असतो. तेथील काही माणसे वाहतूक-नौकांतून नव्या वस्तीवर धाडली की दोन्हीकडचा आलेख एकदम चढतो. अर्थात जी माणसे वाटेत असतात ती कारखान्यात नसतात. उत्पादनाची ही तूट सोसावीच लागते. जाणता खेळाडू म्हणूनच याने किती बांधावीत यापेक्षा माणसे केव्हा हलवावीत याचा अधिक विचार करतो. वेगाचा प्रश्न येथे जमिनीकडून माणसांकडे सरकतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हे या खेळाचे सर्वांत मोठे यश आहे.

खेळातील दहा वंशांची रचनाही हेच सुचवते. सिलिकॉइड हे पाषाणदेही जीव कोणत्याही प्रतिकूल ग्रहावर पहिल्यापासून राहू शकतात, पण त्यांची प्रजा निम्म्या गतीने वाढते. साक्रा यांची प्रजा दुप्पट गतीने वाढते, पण प्रतिकूल ग्रहांवर उतरण्यासाठी त्यांना तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागते. एकाला भूमी आहे, माणसे नाहीत. दुसऱ्याला माणसे आहेत, भूमी नाही. दोघांनाही 'योग्य वेग' या एकाच शब्दाचा अर्थ निरनिराळा लावावा लागतो.

सबुरीला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती खेळाडूच्या हातची नाही. आकाशगंगेतील दोन-तृतीयांश तारे वसले की महासभा भरते. मते लोकसंख्येच्या प्रमाणात असतात आणि दोन-तृतीयांश मते मिळवणारा सम्राट ठरतो. तेव्हा मंद गतीने जाणाऱ्याची मुदत शेजाऱ्याच्या घाईने ठरते. एकट्याच्या अर्थशास्त्रातून निघालेले उत्तर अनेकांच्या राजकारणात टिकत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकांना हा भाग वर्गात वापरण्याजोगा वाटेल.

रिकामी भूमी :

मराठीत 'वसाहत' हा शब्द दुहेरी ओझे वाहतो. औद्योगिक वसाहत, कर्मचारी वसाहत असे आपण सहज म्हणतो; आणि वसाहतवाद म्हणताना त्याच शब्दाला दीडशे वर्षांचे पारतंत्र्य चिकटते. 'मास्टर ऑफ ओरायन' पहिल्याच अर्थाने वसाहत करतो, कारण त्यातील वसवण्याजोगे ग्रह निर्जन आहेत. म्हणूनच तेथे वेग हा निव्वळ खर्चाचा प्रश्न राहू शकतो. ही निर्जनता नैसर्गिक नाही. ती रचनाकाराने केलेली निवड आहे. वाढीचा आलेख इतक्या प्रामाणिकपणे मांडणारा हा खेळ या निवडीविषयी मात्र पूर्ण मौन पाळतो.

हे मौन ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या 'अल्फा सेंटॉरी'ने (१९९९) मोडले. तेथे विस्ताराला दोन लगाम आहेत. वस्त्यांची संख्या मर्यादेबाहेर गेली की असंतुष्ट नागरिक वाढतात. हा लगाम प्रशासकीय आहे, आणि खरे सांगायचे तर रूक्ष आहे. दुसरा लगाम विलक्षण आहे. उत्पादन व भू-रूपांतराचा ताण वाढला की ग्रहावरील बुरशी फोफावते आणि तिच्यातून मनोकृमी वस्त्यांवर चालून येतात. पुढे कथाभागातून उलगडते की हा ग्रहच एक जागी होत असलेली जाणीव आहे. रिकामी समजलेली भूमी रिकामी नव्हती, हे खेळाडूला उपदेशातून कळत नाही; घाईची किंमत मोजताना कळते.

पॅराडॉक्सच्या 'स्टेलॅरिस'ने (२०१६) यापेक्षा अधिक वास्तववादी मार्ग धरला, पण तो अधिक फलदायी ठरला असे म्हणवत नाही. साम्राज्याचा पसारा वाढला की संशोधन महागते, हे त्याचे सूत्र. काही काळ या पसाऱ्याची मर्यादा नोकरशहा नेमून वाढवता येत असे. परिणामी खेळाडू कारकुनांचे ग्रहच्या ग्रह उभारीत. (कोणत्याही शासकीय कार्यालयात फेऱ्या मारलेल्या वाचकास यातील विनोद सांगावा लागणार नाही.) २०२२ सालच्या सुधारणेत ही सोय काढून टाकण्यात आली. जो दंड विकत घेऊन टाळता येतो तो लगाम उरत नाही, हे रचनाकारांनीच त्यातून मान्य केले. 'स्टेलॅरिस'मध्ये अंतराळप्रवास न साधलेले आदिम समाज ग्रहांवर असतात आणि त्यांच्याविषयीचे धोरण खेळाडूस ठरवावे लागते. परंतु गिळंकृत केलेला समाज साम्राज्याच्या पसाऱ्यात इतर कोणत्याही लोकसंख्येसारखाच एक आकडा होऊन बसतो. 'अल्फा सेंटॉरी'त जी गोष्ट प्रतिकार करते, ती येथे टक्केवारीत विरघळते.

उत्तर-वसाहतवादी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमाला जोड म्हणून या तिहींपैकी एकच खेळ ठेवावयाचा झाल्यास प्रस्तुत लेखक 'अल्फा सेंटॉरी' सुचवील. मात्र त्याआधी विद्यार्थ्यांनी 'मास्टर ऑफ ओरायन'चा एक डाव, निदान पहिल्या महासभेपर्यंत, खेळलेला असावा.