सप्ताहाचा मांडव आणि ‘स्पेशियल ऑडिओ’

स्पेशियल ऑडिओवर वाचायला घेतलं की १९५८ चा ब्रुसेल्सचा फिलिप्स पॅव्हिलियन लगेच भेटतो. एडगार व्हारेजची आठ मिनिटांची रचना, भिंतींवर तीनशेहून जास्त स्पीकर. मग १९७४ चं पॅरिसचं अकुस्मोनियम, फ्रांस्वा बेलने उभा केलेला स्पीकरांचा वाद्यवृंद. हे वाचून आपण स्पीकर मोजायला लागतो आणि तिथेच फसतो. व्हारेजची मूळ टेप तीनच ट्रॅकची होती. अकुस्मोनियमवर तर कित्येकदा साधी स्टिरिओ रचना वाजते. कुठल्या स्पीकरकडे किती आवाज सोडायचा, हे श्रोत्यांमध्ये मिक्सरवर बसलेला माणूस त्या क्षणी ठरवतो. डिफ्यूजन म्हणतात ते याला.

आता सटाण्यात या. देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा घ्या, नाहीतर कुठल्याही गल्लीतला सप्ताह. कीर्तनात बुवा पुढे, मागे टाळकऱ्यांची ओळ, बाजूला पखवाज. बुवांनी चरण म्हटला की मागून सगळी ओळ तो उचलते. एक आवाज एका जागेवरून, उत्तर मात्र मंचाच्या पूर्ण रुंदीतून. ही जागेची रचना माणसांनी उभं राहून केलेली आहे.

साउंडवाला काय करतो? सगळे माइक एका मिक्सरमध्ये घेतो, बाहेर एकच सिग्नल काढतो, तो मंचाच्या दोन बाजूंना आणि रस्त्यावरच्या कर्ण्यांना देतो. वीस टाळकरी बुवांच्याच तोंडातून गातायत असं ऐकू येतं. शिवाय मंचापासून ७० मीटरवरचा कर्णा लगेच बोलतो, मंचाकडचा आवाज तिथे पोचायला साधारण ०.२ सेकंद घेतो. म्हणजे प्रत्येक टाळ दोनदा. हेल्मुट हासने १९४९ च्या प्रबंधात हेच तपासलं होतं: बोलण्याचे दोन आवाज ३० मिलिसेकंदांच्या आत आले तर ते एकच वाटतात, आणि दिशा ठरते ती आधी पोचलेल्याची. कर्ण्याला २१० ते २१५ मिलिसेकंदांचा डिले दिला तर त्याच्याजवळच्या माणसालाही बुवा मंचावर आहेत असं वाटू शकतं, फक्त मंचाकडचा आवाज तिथवर नीट पोचत असला पाहिजे. अनेक डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते, वापरली क्वचितच जाते.

‘मग मल्टिचॅनल लावा’ हा सल्ला मला पटत नाही. टाळकऱ्यांना डावी-उजवीकडे पॅन केलं की बायकांच्या बाजूला अर्धे टाळकरी आणि पुरुषांच्या बाजूला उरलेले अर्धे. स्टिरिओची मजा मधल्या वाटेवर, जिथे कुणीच बसत नाही! टाळकऱ्यांचे माइक खाली आणणं जास्त शहाणपणाचं. वीस जणांचे टाळ निम्म्या मांडवाला माइकशिवाय पुरतात. पण हे ठरवायला ऐकावं लागतं, आणि आपला साउंडवाला बहुतेक वेळा मंचाच्या कडेला, स्पीकरच्या मागे बसलेला असतो. तो जे ऐकतो ते मांडवात कुणीच ऐकत नाही.

यावर काम करायचं असेल तर ‘किती चॅनल’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. तीन रेकॉर्डर ठेवा: पहिल्या रांगेत, मांडवाच्या टोकाला, शेवटच्या कर्ण्याखाली. एकच अभंग टाळकऱ्यांच्या माइकसह आणि माइकशिवाय, दोन्ही प्रकारे घ्या. बुवांशी आणि साउंडवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. कीर्तन उभं राहिल्यावर मिक्सरला कुणी हात लावू देत नाही.