मराठीतले प्रश्न, पण कुणाच्या मराठीतले?

शाब्दिक उदाहरण चुकले, तर मुलाला गणित आले नाही की भाषा कळली नाही, ही शंका शिक्षकांना नवी नाही. मनोविकारांच्या निदानासाठी ज्या ठरावीक मुलाखती घेतात, त्यांच्या मराठी रूपांबद्दल आम्हांला नेमकी हीच शंका येते.

अशा मुलाखतींची गरज होती, हे आधी मान्य करू. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर लंडनच्या डॉक्टरांपेक्षा कितीतरी अधिक रुग्णांना स्किझोफ्रेनिया झाल्याचे सांगत. दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच पद्धतीने प्रश्न विचारल्यावर दिसले की फरक बहुतांशी रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या सवयींत होता. पुढे प्रश्न ठरले, क्रम ठरला, उत्तर 'हो' किंवा 'नाही'. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'मिनी' नावाची मुलाखत पंधरावीस मिनिटांत आटोपते. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीच वापरली गेली. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता नोंदवतो.

रूपांतराची रूढ रीत अशी: एकाने इंग्रजीचे मराठी करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता मराठीचे इंग्रजी करायचे, आणि दोन्ही जुळवून पाहायचे. रीत शिस्तीची आहे. पण दोन्ही अनुवादक शिकलेलेच असतात. आमच्याच एका मसुद्यात 'तुम्हांला खिन्न वाटते का?' असा प्रश्न होता. तो इंग्रजीत जाऊन तंतोतंत परत आला, आम्ही खूष झालो. लातूरजवळच्या एका खेड्यात तो वाचून दाखवला, तेव्हा एका आजींनी विचारले, "खिन्न मंजी काय, बाबा?" थोड्या वेळाने त्याच आजी आपणहून सांगू लागल्या, "करमत न्हाई. खाल्लेलं गोड लागत न्हाई. कशात जीवच लागत न्हाई." मानसशास्त्राच्या पुस्तकात ज्याला आनंद घेण्याची क्षमता हरपणे म्हणतात, ते लक्षण याहून नेमके कोण सांगणार? आमच्या कागदावर मात्र त्यांच्यापुढे 'नाही' अशी खूण झाली होती.

मरणाविषयीचा प्रश्न याहून अवघड. 'देवानं आता उचलावं' हे म्हातारी माणसे सहज बोलून जातात. त्याला लक्षण मानले तर अर्धे गाव आजारी ठरेल. उलट 'आत्महत्या' हा शब्द मराठवाड्यात पंचनामा, तहसील कचेरी आणि मदतीची पात्र-अपात्र यादी यांना चिकटला आहे. तो ऐकताच शेतकरी मिटून जातो. 'जगणं नकोसं झालंय का?' आणि मग 'जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?' अशा पायऱ्यांनी गेले तर तोच माणूस बोलतो. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. तसे होत नाही, असेच आजवरचे संशोधन सांगते. चुकीच्या शब्दामुळे इथे जो 'नाही' मिळतो, त्याची किंमत काय असू शकते हे वेगळे सांगायला नको.

'इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात का?' या प्रश्नाला माहूरच्या रेणुकेची भक्ती करणारी, अंगात येणारी बाई 'हो' म्हणू शकते. 'मिनी'च्या कर्त्यांना हे ठाऊक होते. उदाहरण विचारा आणि ते त्या समाजात स्वाभाविक मानले जाते का पाहा, अशी सूचना त्यांनी दिली आहे. पण ती पाळायला मुलाखतकाराला तो समाज माहीत हवा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली. आघातानंतरच्या विकाराची व्याख्या अमेरिकेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये आली, ती मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवावरून. आघाताची आठवण करून देणाऱ्या जागा टाळणे हे तिच्यातले एक लक्षण. आता, धक्के चालूच असताना दगडी घरात झोपायला नकार देणारा माणूस लक्षण दाखवतो आहे की शहाणपण? प्रश्न अचूक मराठीत असला तरी ही अडचण सुटत नाही. ती भाषेची नाही, परिस्थितीची आहे.

याहून चांगली वाट मुंबईत चोखाळली गेली होती. मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांसाठी तयार केलेली मुलाखत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत त्रासाला माणूस स्वतः काय नाव देतो, कारण काय मानतो, आधी कुणाकडे गेला, हे विचारायचे आणि उत्तरे मोजताही येतील अशी नोंदवायची. वेळ जास्त लागतो, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे. घरोघर फिरणाऱ्या आशाताईंच्या हाती ती जशीच्या तशी देता येणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की लहान प्रश्नावली लिहिण्यापूर्वी अशा मुलाखती घ्याव्यात आणि प्रश्नांचे शब्द त्यांतून उचलावेत.

तरीही 'मराठी आवृत्ती' नांदेडला पुरणार नाही. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू बोलतात, उदगीरकडे कन्नडही ऐकू येते, मुसलमान वस्तीत दखनी, किनवटच्या तांड्यांवर बंजारा बोली आणि पाड्यांवर गोंडी-कोलामी. या मुलांना शिकवणारे शिक्षक हे रोज अनुभवतात. घरी कुणाला 'बरं वाटत नसलं' की काय म्हणतात, एवढेच मुलांना विचारून ती वाक्ये वहीत उतरवली, तर प्रश्नावली करणाऱ्याला ती वही कुठल्याही शब्दकोशापेक्षा उपयोगी पडेल. आमच्याकडे लातूरची अशी एक वही आहे. तांड्यावरची अजून नाही.