तुलनेच्या तक्त्यात नसलेले रकाने

'एडब्ल्यूएस घेऊ, अझूर घेऊ की गूगल क्लाउड?' पीएचडीला नुकतीच नोंदणी केलेल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याने एखादा तुलनेचा तक्ता आधीच वाचलेला असतो: सेवांची नावं, ताशी दर, फुकट क्रेडिट. माझी तक्रार या तक्त्यांबद्दल आहे. ते खोटे नसतात, पण ते कंपन्यांची गरज बघून केलेले असतात. तुमच्या प्रबंधाची गरज वेगळी आहे.

ईसी2 2006 साली आलं, अझूर 2010 साली सर्वांना खुलं झालं. आज मशीन, साठवण, जीपीयू तिघांकडेही मिळतं. मग फरक पडतो कुठे?

पहिलं, तुमचा डेटा कुठे आहे? लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांचा साठा एडब्ल्यूएसच्या ओरेगॉन विभागात आहे आणि तिथून डेटा वाचण्याचा खर्च वाचणाऱ्याकडून घेतला जातो. जवळ आहे म्हणून मुंबई विभागात मशीन घेतलं, तर प्रत्येक प्रतिमा तिथून इकडे आणण्याचं भाडं तुम्हीच भरणार. त्यापेक्षा मशीन ओरेगॉनमध्येच घ्या.

दुसरं, निकाल बाहेर कसे काढणार? डेटा आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, काढायला पडतात. एडब्ल्यूएसच्या अमेरिकी विभागांत महिन्याचे पहिले 100 जीबी सोडले, तर सुरुवातीचा दर जीबीला 9 सेंट आहे. 2 टीबी उतरवायचे म्हणजे साधारण 170 डॉलर. कायमचं सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करण्याची सोय तिन्ही कंपन्यांनी 2024 मध्ये जाहीर केली, पण आपलं रोजचं उतरवणं त्यात बसत नाही.

तिसरं, काम मध्येच तुटलं तर? स्वस्तातलं स्पॉट मशीन कंपनी कधीही परत घेऊ शकते. एडब्ल्यूएस दोन मिनिटं आधी सांगतं, बाकी दोघं जेमतेम 30 सेकंद. तुमचा कोड अधूनमधून चेकपॉइंट जतन करत नसेल, तर रात्रभराचं काम पाण्यात.

आणि फुकट क्रेडिट? त्यावरून निवड करू नका. क्रेडिट संपल्यावरही मी एका शुक्रवारी जीपीयू मशीन बंद करायला विसरलो. सोमवारी बिल बघितलं, तर त्या महिन्याच्या स्टायपेंडचा मोठा हिस्सा गेला होता. बजेट अलर्ट मी लावला होता. तो आला, वेळेवर आला. पण अलर्ट फक्त कळवतो, मशीन आपोआप बंद करत नाही. ती सोय वेगळी करावी लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून खातं उघडण्याआधी वहीत तीन उत्तरं लिहा: डेटा कुठे आहे, किती बाहेर काढायचा आहे, काम तुटलं तर किती वाया जाईल. मग गाइडना विचारा, संस्थेच्या क्लस्टरवर हे होईल का? पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, तशी सोय तुमच्या आवाक्यात असू शकते. नसेल, तर ही तीन उत्तरं घेऊन पुन्हा तक्त्याकडे या. आता तो तुमच्या कामाचा होईल.