खोडलेल्या शब्दाचे चित्र : रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांतील रेखाटणे

हस्तलिखिताचा अभ्यासक खाडाखोडीकडे पाहतो तो पाठनिर्णयापुरता. कवीने कोणता शब्द टाकला व कोणता स्वीकारला एवढे कळले, की खोडलेल्या जागेचे काम संपले असे मानण्याचा प्रघात आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या वह्यांपुढे हा प्रघात टिकत नाही. त्यांच्या पानांवर टाकलेला शब्द नाहीसा होत नाही. त्याला चोच फुटते, शेपूट फुटते. कधी तो खालच्या टाकलेल्या ओळीस जाऊन मिळतो आणि दोहोंचा मिळून एखादा अनोळखी प्राणी उभा राहतो. बंगालीत अशा खाडाखोडीस 'काटाकुटी' म्हणतात. चित्रकलेच्या इतिहासात तिची दखल घेतली जाते ती रवींद्रनाथांच्या चित्रकारितेची पहिली पायरी म्हणून; काव्याच्या अभ्यासात ती बहुधा घेतलीच जात नाही. दोन्हीकडे तिच्यावर अन्याय होतो.

ह्या अन्यायाचे एक मूळ नावात आहे. अशा रेखाटनांना इंग्रजीत 'डूडल' म्हणतात. सतराव्या शतकात हा शब्द मूर्ख मनुष्यास उद्देशून वापरीत. मन अन्यत्र असताना हाताने काढलेल्या रेघोट्या, हा अर्थ लोकांत रूढ झाला तो मुख्यतः १९३६ मधील 'मिस्टर डीड्स गोज टू टाउन' ह्या अमेरिकन चित्रपटामुळे. त्यातील नायक न्यायालयात ह्या सवयीचे समर्थन करतो. मराठीतही 'रेघोट्या ओढणे' म्हणताना कौतुकापेक्षा रिकामपणाचाच निर्देश अधिक असतो. रवींद्रनाथांची प्रसिद्ध पाने ह्या अर्थाच्या प्रसारापूर्वीची आहेत. त्यांना हे नाव मागाहून चिकटले, आणि नावाबरोबर 'अजाणता', 'सहज', 'नेणिवेतून' ही विशेषणेही चिकटली.

पानांची साक्ष वेगळी आहे. १९२४ साली पेरूच्या स्वातंत्र्योत्सवास निघालेले रवींद्रनाथ आजारी पडून अर्जेंटिनात थांबले. ब्वेनोस आयरेसजवळच्या सान इसीद्रो येथे व्हिक्टोरिया ओकांपो ह्या विदुषीच्या पाहुणचारात त्यांनी जे काव्य लिहिले, त्याचा मोठा भाग पुढे १९२५ मध्ये 'पूरबी' संग्रहात आला. त्यांची वही ओकांपोंच्या दृष्टीस पडली. लेखणी एका खोडलेल्या ओळीवरून दुसरीकडे कशी जाई आणि तिच्यातून पक्षी, मुखवटे, आदिम पशू कसे निघत, ह्याचे वर्णन त्यांनी आठवणींत केले आहे. १९३० च्या मे महिन्यात पॅरिस येथील पिगाल दालनात रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेही ओकांपोंच्याच खटपटीने.

ह्या पानांची घडण लिपीशी बांधलेली आहे, हा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. बंगाली अक्षरे शिरोरेषेस लोंबतात. एखादा शब्द आडव्यातिडव्या रेघांनी पूर्ण भरून काढला की कागदावर एक आडवा काळा पट्टा तयार होतो. त्याची वरची कड सरळ असते, खालची खाचाखोचांची. कवी ह्या पट्ट्यास गोलाई देतो. दोन ओळींमधील कोऱ्या जागेतून एक वळणदार रेषा खाली सोडून तो दुसऱ्या पट्ट्यास जोडतो. जे शब्द राखून ठेवले ते ह्या काळ्या आकारांच्या मध्ये बेटांसारखे राहतात. कोणता आकार कोठे येणार हे हाताच्या लहरीने ठरत नाही. कवितेत कोठे दुरुस्ती झाली त्यावरून ठरते. चित्राची जागा काव्याने नेमून दिलेली असते, तिचे काय करायचे एवढेच चित्रकाराच्या हाती उरते. ह्यास मनाची अनुपस्थिती म्हणणे कठीण आहे. टाकलेल्या ओळींची असंबद्ध कुरूपता डोळ्यांस खुपे आणि त्यांना लयीत आणून त्यांची सुटका करण्यात कधी मूळ लेखनाहून अधिक वेळ जाई, अशा आशयाचे रवींद्रनाथांनी स्वतःच सांगून ठेवले आहे.

पुश्किनशी तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. पुश्किनच्या वह्याही रेखाटनांनी भरलेल्या आहेत: स्त्रियांचे चेहरे, स्वतःचा चेहरा, १८२६ मध्ये फाशी दिलेल्या पाच डिसेंबरवाद्यांचा फासखांब. परंतु ही रेखाटने प्रायः शब्दांच्या शेजारी, समासात किंवा मोकळ्या जागेत आहेत. पुढचा शब्द येईपर्यंतचा वेळ त्यांत भरलेला दिसतो. रवींद्रनाथांचे रेखाटन शब्द गेल्यानंतरचे आहे, आणि ते त्याच्याच जागेवर आहे.

आपल्याकडील पोथ्यांची रीत आणखी निराळी. लेखकु चुकीच्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देई व त्यावर शुद्ध अक्षर लिही. 'तत्त्वास हरताळ फासणे' हा मराठी वाक्प्रचार तेथूनच आला. (दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ व्युत्पत्तीने वेगळा, तो 'हट्ट' म्हणजे बाजार, ह्या शब्दापासून निघाला.) हरताळाचे यश चूक दिसेनाशी करण्यात आहे. काटाकुटी चूक झाकते खरी, पण येथे काही होते हे ओरडून सांगते.

१९३० साली आनंद कुमारस्वामींनी रवींद्रनाथांच्या चित्रांना बालसदृश म्हटले, बालिश मात्र नव्हे, असेही बजावले. पुढील काळातील स्वतंत्र चित्रांविषयी हे मान्य करता येईल. वह्यांतील रेखाटनांस ते लागू पडत नाही. मूल कोऱ्या कागदापासून आरंभ करते, हा कवी भरलेल्या कागदापासून. सर्वच पाने सारख्या तोलाची आहेत असेही नव्हे. चोचीचा तोच प्राणी वारंवार येतो आणि काही ठिकाणी दाट रेघांपलीकडे काहीच साधलेले नाही. तरीही 'पूरबी'च्या उत्तम पानांत जो ताण आहे, तो नंतरच्या दोन हजारांहून अधिक चित्रांपैकी पुष्कळांत आढळत नाही. तेथे हातास अडविणारा शब्दच उरला नव्हता.

सामान्य छापील आवृत्तीत 'पूरबी' वाचणाऱ्यास ह्यातील काही दिसत नाही, आणि भिंतीवर टांगलेले पान पाहणारा बहुधा अक्षरे वाचत नाही. जादवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये 'विचित्रा' हा रवींद्र-साहित्याचा संगणकीय पाठसंग्रह खुला केल्यापासून हस्तलिखितांची प्रतिचित्रे कोणासही पाहता येतात. तेव्हा पान हाती लागत नाही ही सबब पाठसंपादकास उरलेली नाही. खोडलेला पाठ नोंदविताना तो कोणत्या आकारात गेला व कोणत्या ओळीस जोडला गेला, हेही नोंदविणे आवश्यक आहे. दोन दूरच्या ओळी कवीने एका रेषेने बांधल्या असतील, तर त्या त्याने एकदम टाकल्या की वेगवेगळ्या वेळी, हा प्रश्न पाठाचाच आहे. पट्ट्यांवरील शाईची दाटी आणि रेषांचा क्रम तपासून त्याचे उत्तर काही ठिकाणी मिळू शकेल.

आपल्या चित्रांना नावे देण्यास रवींद्रनाथ सहसा राजी नसत. ह्याचा अर्थ पुष्कळांनी विनयात शोधला आहे. वह्या पाहिल्यावर दुसरे कारण सुचते: ज्या आकाराच्या पोटात एक टाकलेला शब्द आधीच आहे, त्याच्यावर दुसरा शब्द चिकटविण्यास हा कवी तयार नसावा.